साडेसहाचं ड्रिल

प्रिय नागेंद्र,

तुझा निपाणीचा पत्ता तुझ्या बहिणीकडून, बायाक्काकडून घेतला. "पत्र कशाला, फोन करा की," असं ती म्हणाली. पण फोनवर तू मध्येच "असू दे रं" म्हणशील आणि मी सुटल्यासारखा गप्प बसेन. म्हणून लिहितोय. तू तंबाखूच्या वखारीत राखणीला आहेस म्हणे. वीस वर्षं मशिनवर उभा राहिलेला माणूस तू, खुर्चीत बसून दिवस कसा काढत असशील?

गेल्या वर्षी माझ्या परसातल्या शेडमध्ये आपण पंपाची झाकणं करत होतो. भोक पाडायचं, टॅप फिरवून आत आटे काढायचे, एवढंच काम. रविवारी तू यायचास तेव्हा एकही टॅप तुटायचा नाही. सोमवारी मी एकटा काम करायला लागलो की टक्क! तुकडा भोकात अडकायचा आणि झाकण भंगारात जायचं. पाच टॅप गेल्यावर तू म्हणालास, "परशराम, ड्रिल मोजून बघ रं एकदा." मला वाटलं, हा माझी चूक काढून स्वतःची झाकतोय.

तुझ्या कापडी पिशवीवर माझा डोळा होता. चांगले टॅप तिच्यातून जातात आणि बाजारातले हलके माझ्या डब्यात येतात, अशी माझी खात्री झाली. मग मी मुलीच्या नेलपॉलिशनं टॅपच्या दांड्यांवर ठिपके काढले. पुढच्या सोमवारी तुटलेल्या टॅपवर ठिपका जागच्या जागी होता. तरी शंका फिटली नाही. उलट वाटलं, याला खूण कळली, आता हा टॅप तापवून त्यांचं पाणी उतरवतोय, पोलाद कच्चं करतोय. स्वतःची शेड काढायचं तू एकदा बोलला होतास, तेवढं कारण मला पुरलं. मी शेडचं कुलूप बदललं. त्या रविवारी तू कुलूप बघितलंस, पायरीवर बसून चहा प्यालास, काही विचारलं नाहीस आणि गेलास. तू विचारलं नाहीस, त्याचाही मी पुरावाच केला.

त्यानंतरही टॅप तुटतच राहिले. किल्ली माझ्या कमरेला, तरीही. "नागेंद्रला किल्ली दिलतीस काय?" असं मी तुझ्या वहिनीला, प्रियदर्शनीला विचारलं. ती माझ्यापुढं ताट आपटून आत गेली.

या दिवाळीत माझी आरोही हुबळीहून घरी आली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे ती आता. माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "आप्पा, आठच्या टॅपला साडेसहाचं ड्रिल लावलंय व्हय? सहा पूर्णांक आठ लागतं की." मी चिडलो. ड्रिलच्या डब्यातल्या सहा पूर्णांक आठच्याच खाचेतून काढलंय, म्हणालो. तिनं मापाचं व्हर्नियर लावून माझ्यासमोर धरलं. साडेसहा मिलिमीटर. दांड्यावरचा आकडा मला चष्म्याशिवाय दिसत नव्हता, आणि ते ड्रिल त्या खाचेत मीच ठेवलं होतं. भोक बारीक पडायचं आणि टॅप आत आवळून तुटायचा. तू तुझ्या पिशवीतून तुझं स्वतःचं ड्रिल आणायचास. पिशवीत तेवढंच असायचं.

आता मुख्य गोष्ट. गुढीपाडव्यानंतर उद्यमबागेतल्या त्या कारखान्यात सेटर म्हणून, मशिनी जुळवून द्यायला, तुझं नक्की झालं होतं आणि नंतर बोलावणंच आलं नाही. "वय आडवं आलं असंल," असं तू सगळ्यांना सांगितलंस. वय नाही आडवं आलं, नागेंद्र. तू माझ्या शेडमध्ये काम केलंस म्हणून कारखान्याच्या मालकांनी मला विचारलं होतं, माणूस कसा? मी म्हणालो, "हात चांगला हाय, पण अवजारांवर लक्ष ठेवा." काल त्यांच्याकडे जाऊन सगळं जसं घडलं तसं सांगितलं.  ते म्हणाले, "जागा भरलीय. दुसऱ्या पाळीत बघतो, पण शब्द देत न्हाय." ते कदाचित तुला फोन करतील आणि बोलता बोलता माझं नाव निघेल. ते त्यांच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. जायचं की नाही ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, तेही.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
परशराम
येळ्ळूर