पेशंटची दौड

१ डिसेंबर १९८४, पहाटे
आजपासून पळणे सुरू. निर्णय पक्का. जूनमध्ये मला हार्ट अटॅक येऊन गेला, हे मी केव्हाच विसरलो. सेलू गाव विसरायला तयार नाही. किराणा दुकानातसुद्धा 'आधी पेशंटले द्या' म्हणत मला पुढे ढकलतात. २६ जानेवारीला व्यायाम मंडळाची चाळिशीवरच्यांची दौड आहे. शाळेपासून नाल्याच्या पुलापर्यंत आणि परत. ती पुरी केली की 'पेशंट' हा शब्द गावातून हद्दपार! कॉलेजात असताना क्रॉस कंट्रीत मी दुसरा आलो होतो. पहिला फार पुढे नव्हता.

तोच दिवस, सकाळी नऊ
बूट घालता घालता डोळा लागला. उद्यापासून.

३ डिसेंबर
पळालो! वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले होते, फक्त चाला, आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात असू द्या. गोळ्या घरीच ठेवल्या. औषध घेऊन पळणारा धावपटू मी अजून पाहिलेला नाही. बायकोने, म्हणजे शकूने, त्या उचलून नीट ठेवल्या. पटलं असावं.

७ डिसेंबर
आमच्या गावात मोठा माणूस पळताना दिसला, तर एक तर कुणी गेलेलं असतं, नाही तर बैल सुटलेला असतो. दूधवाला चिंधू सायकलवरून उतरून विचारतो, काऊन पयून राह्यले जी, कोन गेलं? पुढे भागीरथाबाई अंगण झाडता झाडता तेच विचारते. प्रत्येकाला थांबून खुलासा करावा लागतो. दम लागतो तो या बोलण्याने. पळण्याने नव्हे.

१५ डिसेंबर
नत्थूजीने बैलांची बंडी थांबवली. म्हणे, पेशंट मानसानं पायी जाऊ नाई, बसा जी. बंडीवाल्याला नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. बसलो. मागून शकू येत होती, तिलाही बसवलं. ही रोज याच वेळी याच रस्त्याने कुठे जाते? विचारलं. म्हणे, दुधाले. दूध तर चिंधू घरी आणून देतो. असो. बायकांच्या कामात पडू नये. पुलापर्यंतचं अंतर मात्र पूर्ण झालं, तसं इथे नोंदवतो.

२ जानेवारी १९८५
वेग कमालीचा वाढला आहे. शकू मागून चालत असते, पण एकदाही माझ्या पुढे गेलेली नाही. तिच्या पदराला हल्ली कसलीशी गाठ दिसते. सुपारी असावी. दातांना वाईट. एकदा बोललं पाहिजे.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारचा बाबाराव तिळगूळ देता देता म्हणाला, अन्नाजी, तुमी पयता का वहिनीले फिरवता? गोड बोलायच्या दिवशी असं! हेवा, दुसरं काय. लाडू खाल्ले. खेळाडूला ताकद लागते. आज विश्रांती. उद्याही.

२६ जानेवारी, संध्याकाळ
शिट्टी झाली आणि सगळे सुटले. मी मुद्दाम मागे राहिलो. शेवटी जोर लावायचा, असा डाव होता.
पुलापाशी छाती आवळल्यासारखी झाली. कठड्यावर बसलो. खोटं कशाला लिहू, भीती वाटली. जूनमध्ये असंच सुरू झालं होतं. आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.
मग शकू आली. नेहमीसारखी, मागून. तिने पदराची गाठ सोडली. सुपारी नव्हती. गोळी जिभेखाली ठेवली आणि माझा हात धरून बसून राहिली. बरं वाटल्यावर मी उठून पवित्रा घेतला, तर म्हणे, आता पयाचं नाई. चालाचं, तेबी माह्या संग. पुढे नाई.
चाललो.
शाळेपाशी फीत गुंडाळून झाली होती. आम्हाला पाहून पोरांनी ती पुन्हा ताणून धरली. फोटोवाला दिसला म्हणून मी शर्ट नीट करायला थांबलो. तेवढ्यात शकू माझ्यासाठी पाणी आणायला म्हणून झपाझप पुढे गेली, ती फितीतूनच. लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, महिला गट, प्रथम क्रमांक, शकुबाई! असा गट आहे हे मंडळालाही तेव्हाच कळलं असावं. तिला स्टीलची डबी मिळाली. टाळ्या थांबेनात. मी शेवटचा.
गर्दीत कुणीतरी विचारलं, हे कोन जी? चिंधू म्हणाला, शकुबाईचे मालक.
'पेशंट' हा शब्द तेवढा हद्दपार झाला.

२७ जानेवारी, पहाटे
गोळ्या आता बक्षिसाच्या डबीत असतात. डबी माझ्याच खिशात. फिरायला दोघांनी जोडीने निघायचं ठरलं आहे. शकू दारात उभी आहे. मी बजावलं, माझ्याबरोबर चालणं सोपं नाही, झेपेल ना?
म्हणे, फिकीर नोका करू. मी हळू चालीन.