बिजागरीची बाजू

मिस्त्री, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाडीत कोणी तुमचं कौतुक काढलं की माझं पित्त खवळतं. परवा शेजारच्यांच्या नव्या घराची चौकट उभी राहिली, मी काठी टेकत गेलो. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, आणि एक म्हातारा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "चौकट बसवावी तर तुझ्या बापानं. तसा हात पुन्हा होणे नाही." मी तोंडातला पेढा गिळला. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे गावात पुष्कळ आहेत, तेव्हा वाईट बोलायचं काम माझ्या वाट्याला आलंय, आणि ते मी मन लावून करणार आहे. बाबा म्हणत नाही म्हणून राग मानू नका. ती सवय तुम्हीच मोडलीत.

मोडलीत ती सौदीत, कतीफला. गावाबाहेर खजुरांच्या बागा संपतात तिथे आपल्या कंपनीचं बंगल्यांचं काम चाललेलं. तेलाचा पैसा तेव्हा तिकडे नुसता वाहत होता, जो तो जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायला निघालेला. तुम्ही आधी गेलेले, माझा व्हिसाही मुंबईच्या एजंटाकडून तुम्हीच काढलेला. मला वाटलं होतं, बाप न्यायला येईल, जवळ घेईल. कॅम्पात उतरलो तर तुम्ही पत्र्याच्या खोलीच्या दारात दाढी करत उभे, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "तो कोपऱ्यातला पलंग घे." बस्स. दुसऱ्या दिवशी आपण चौकटींची पातळी काढतोय. नळीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. नळीतलं पाणी हलायचं थांबलं तसा मी आनंदानं ओरडलो, "बाबा, पाणी ठरलं!" तुम्ही चालत आलात आणि तीच ओली नळी माझ्या पोटरीवर ओढलीत. "इथं मिस्त्री म्हणायचं. बापलेक आहोत हे कळलं तर म्हणतील, मिस्त्री पोराला सांभाळतो. कोणी विचारलं तर गावचा आहेस." मला ते पटलंसुद्धा. बघा केवढा गाढव होतो मी.

काम मात्र तुमच्याकडून शिकलो, ते नाकारत नाही. आपल्याकडे लाकडी चौकट, खाली उंबरठा, त्यामुळे पाय आपोआप जागेवर राहतात. तिकडे लोखंडी चौकट, उंबरठा नाही. आधी ती नुसत्या टेकूंवर उभी करायची, दोन्ही अंगांनी ओळंबा लावायचा, मध्ये लाकडाची आडवी पट्टी ठोकून बसवायची म्हणजे भिंतीच्या दाबानं बाजू आत येत नाहीत. मग दोन्हीकडून ब्लॉकचा थर चढवत न्यायचा, चौकटीच्या लोखंडी पकडी थरात गाडत जायचं आणि मागची पोकळी मालानं भरायची. भिंत चौकटीला धरते आणि चौकट भिंतीला. पहिल्या थराआधी तुम्ही इकडे तिकडे बघून चौकटीच्या पायाशी ओंजळभर पाणी सोडायचात आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचात. तिथे नारळ फोडायची सोय नव्हती. त्या वेळी तुमचा चेहरा इतका मऊ व्हायचा, की मला त्या लोखंडाचा हेवा वाटायचा.

आणि मग तो मोठा बंगला. ज्याच्याकडे आपले सगळ्यांचे पासपोर्ट होते त्या कफीलचा स्वतःचा. पुरुष पाहुण्यांची बैठक पुढे, बायकांचा भाग मागे, मध्ये बोळ. नकाशात प्रत्येक दार कुठल्या अंगाला उघडणार ते दाखवलेलं होतं. मी दहावी झालेला, मला ते वाचता येत होतं. तुम्ही बैठकीच्या दाराशी आलात, नकाशाकडे बघितलंत आणि हसलात. "दार उघडलं की फळी माणसाच्या तोंडासमोर आडवी? येणाऱ्याला घर दिसायला नको? काढणाऱ्याची चूक झालीय." आपल्याकडे दार भिंतीला टेकतं, आलेल्याला सगळं घर एका नजरेत दिसतं, माजघरातून कोणी तरी या म्हणतं. तुमच्या लेखी दार म्हणजे तेच. मी म्हटलं, "मिस्त्री, सगळ्याच दारांना तसं आहे, मुद्दाम असेल." तुम्ही म्हणालात, "नकाशे काढणाऱ्यांनी घरं बांधलीत कधी? तू माल कालव." बिजागऱ्यांची बाजू ठरलेली असते लोखंडी चौकटीत, पुन्हा बदलता येत नाही. डाव्या चौकटी उजवीकडे गेल्या आणि उजव्या डावीकडे. टेकू तुम्ही लावले, ओळंबा तुम्ही धरला, पाणी तुम्ही सोडलंत. मी भिंती चढवल्या. वर तुळयासुद्धा पडल्या.

कफील आला तो दिवस मला अजून तसाच दिसतो. उन्हानं ब्लॉक तापलेले, हात लावू देत नाहीत. तो बैठकीच्या चौकटीत उभा राहतो, बिजागऱ्यांना हात लावतो, नसलेलं दार हातानं उघडून बघतो. उघडतो आणि थांबतो. समोर बोळ, बोळाच्या टोकाला बायकांचा भाग, सरळ नजरेत. त्यानं पुढची चौकट बघितली, त्याच्यापुढची बघितली. त्याच्या घरातल्या बायका परक्या पुरुषांना दाखवायची सोय आपण सिमेंटमध्ये पक्की करून ठेवली होती. "एश हादा?" म्हणजे हे काय. तो ओरडला नाही, हळू बोलला, म्हणून जास्त भीती वाटली. "मीन सव्वा?" कोणी केलं, एवढंच त्याला हवं होतं. आपले इंजिनियर साहेब, नाशिकचे, घाम पुसत तुमच्याकडे वळले. "मिस्त्री, चौकटी कोणी उभ्या केल्या?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. नुसतं बोट केलंत. "ह्या पोरानं, साहेब. मी पलीकडच्या बंगल्यावर होतो. नकाशा वाचता येतो म्हणून फार ऐट आहे ह्याला."

"तुमचाच आहे ना कोणी?"

"गावचा आहे. नात्यात नाही."

मिस्त्री, मला तेव्हा बोलता आलं असतं. तोंड होतं मला. पण मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो, की आता हा माणूस एक शब्द तरी फिरवेल. तुम्ही खिशातून रुमाल काढून ओळंब्यावरची धूळ पुसत होतात. कफील म्हणाला, "खलास," आणि त्या एका शब्दात माझं तिथलं आयुष्य संपलं. निघण्यापूर्वी चौकटी काढायचं कामही मलाच लावलं. मीच चढवलेल्या भिंती मीच घणानं फोडल्या, आणि तुम्ही बाजूला उभे राहून सांगत होतात, "हळू, चौकट वाकेल." माझं काय वाकतंय याची चौकशी नव्हती.

काय वाकत होतं ते तुम्हाला नीट माहीत होतं. मी गावाहून निघण्याआधी माझा साखरपुडा झाला होता, तो तुम्हीच पत्रानं ठरवलेला. पलीकडच्या वाडीतली मुलगी. साखरपुड्याच्या दिवशी पडवीत आम्ही क्षणभर एकटे सापडलो तेव्हा तिनं विचारलं होतं, "तिकडे समुद्र आहे का?" मला माहीत नव्हतं. कतीफला आल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी चालत जाऊन समुद्र बघून आलो, लग्नात सांगेन म्हणून. सांगायचं राहिलं. मी परत आलेला बघून तिचा बाप आपल्या अंगणात उभा राहूनच म्हणाला, "आम्ही मुलगी गल्फला दिली होती, वाडीत नाही." आत या म्हटलं तरी आला नाही. आईनं त्याच्यापुढे पदर पसरला. तिचं लग्न खेडच्या एका बोटीवाल्याशी झालं, आणि वरात आपल्याच दारावरून गेली, कारण रस्ता तोच.

साहेबांबद्दल एक सांगायचं राहिलं. एक्झिटचे कागद करताना माझा पासपोर्ट त्यांच्या हातात आला. माझं नाव वाचलं, मग मधलं नाव वाचलं. मराठी माणूस, मधलं नाव कोणाचं असतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, खिडकीतून बाहेर तुमच्याकडे बघितलं, आणि सही केली. तुम्ही मात्र पिकअपपर्यंत आलात. मला वाटलं, आता तरी. तुम्ही माझ्या मांडीवर एक घोंगडीएवढं जाड कांबळं आणि दोन टॉर्च ठेवलेत. "कांबळं आईला. टॉर्च मामांना. कस्टमला तुझं म्हणून सांग." आपला मुलगा देशोधडीला लागला त्या गाडीतून तुम्ही सामान पाठवलंत. ते कांबळं आई मरेपर्यंत अंगावर घेत होती, आणि मी त्याला हातही लावला नाही.

पुढे एकदाच विषय निघाला. तुम्ही कायमचे परत आलात, मुंबईला कानाचं यंत्र घ्यायला गेलो होतो तेव्हा. तुम्ही आपणहून म्हणालात, "तू तरुण होतास. तुला दुसरा व्हिसा मिळाला असता. मला नसता मिळाला."

"मला नाही मिळाला."

"हो," तुम्ही म्हणालात. "तसं झालं खरं." आणि यंत्राची किंमत विचारायला लागलात.

मग तुमची डावी बाजू गेली, आणि हिशेब करायची संधी देवानं माझ्या दारात आणून टाकली. तुमच्यासाठी खाली वेगळी खोली बांधली. गाव म्हणालं, पोरगा गुणाचा. तुम्हाला अंगणात खुर्चीवर बसवलं होतं, समोर मी चिऱ्यांमध्ये चौकट उभी केली. टेकू लावले, ओळंबा सोडला, तुम्ही शिकवलेलं सगळं केलं. तुमचं तोंड वाकडं झालं होतं, पण नजर गेली नव्हती. लगेच ओळखलंत. "बिजागरी... खाटेच्या अंगाला घेतलीस. दार उघडलं की मला फळीच दिसेल."

मी म्हटलं, "कतीफच्या नकाशाप्रमाणे आहे, मिस्त्री."

बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू, पेढे वाटावेत इतकं बरं वाटलं. दुसरी भिंत लहान, खाट बिजागरीच्या अंगालाच मावायची. दार उघडलं की फळी तुमच्यासमोर आडवी उभी. पलीकडे माजघर, स्वयंपाकघर, येणारी-जाणारी माणसं, सगळं कानावर आणि काहीच डोळ्यांत नाही. आलेला माणूस उंबऱ्यातून "कसे आहात" म्हणायचा आणि तुम्ही फळीला उत्तर द्यायचात. बायको माझ्या मागे लागली, "अहो, मामंजींना माणूस दिसत नाही, चौकट फिरवून घ्या." मी म्हणायचो, चौकट भिंतीत बसली की बसली. ती तुमची बाजू घ्यायची आणि एक तक्रारही करायची, "खाट रोज सरकलेली असते. उजव्या हातानं भिंत ढकलून सरकवतात बहुतेक. केर काढायला अडचण होते." मी म्हटलं, परत लावत जा. ती रोज परत लावायची. फळीकडे तोंड करूनच तुम्ही गेलात, आणि तेराव्याला मी पोटभर जेवलो.

आता माझे गुडघे गेले. माडी चढवत नाही, म्हणून मुलानं मला त्याच खोलीत, त्याच खाटेवर आणलंय. दार तसंच आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, हे दार फिरवून घेऊ या का? कोंडल्यासारखं वाटत असेल." मी म्हटलं, राहू दे. पण दिवसभर पडून करायचं काय? फरशी बघत बसलो होतो, तर खाटेच्या लोखंडी पायांचे ओरखडे दिसले. सगळे एकाच दिशेला, उशाकडच्या कोपऱ्याकडे. केवढा जोर लावला असेल त्या एका हातानं. काठीनं रेटून मी खाट त्या ओरखड्यांवर आणली आणि आडवा झालो. दार उघडं असलं की बिजागरीच्या अंगाला, फळी आणि चौकटीच्या मध्ये, एक फट राहते. तिथून अंगण दिसत नाही, चूल दिसत नाही. माजघरातला एक पाट दिसतो, भिंतीकडेचा. मी जेवायला बसायचो तो. दुसरं काहीही दिसत नाही, मिस्त्री. मी मान सगळीकडे फिरवून बघितली.

हे पत्र कुठे टाकणार, आणि वाचलंत तरी तुम्ही यंत्राची किंमतच विचाराल. माझा राग गेलेला नाही, तसं समजू नका. आता त्या पाटावर माझा मुलगा बसतो. सून केर काढायला खाट मागे ढकलते, आणि ती गेली की मी पुन्हा सरकवून घेतो, बाबा.