दिवेलागणीला काढायची जाळी

सावंगी (मेघे), वर्धा
दसऱ्यानंतरचा सोमवार, २००३

ती. सौ. भागीरथाताई यांच्या चरणी, आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा भैयाजी याचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही चारचौघांत माझी ओळख अशीच करून देता, म्हणून तीच लिहिली. साष्टांग मात्र फक्त कागदावर आहे. गुडघे आता तेवढे वाकत नाहीत, आणि वाकलेच तर परत उभं करायला घरात दुसरं माणूस नाही.) साडूबुवांचा खोकला उतरला असेल अशी आशा करतो. तुम्ही अजून दर चतुर्थीला केळझरची टेकडी चढून गणपतीला जाता असं ऐकलं, आणि वर पोचल्यावर पुजाऱ्याला स्वच्छतेबद्दल चार शब्द सुनावता असंही ऐकलं. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

फोन केला असता, पण इथल्या बूथच्या काचेच्या खोक्यात उभा राहिलो की बाहेरची माणसं तोंडाकडे बघतात, आणि तुम्ही एकदा बोलायला लागलात की मला मध्ये शिरायला फट सापडत नाही. पत्रात तरी तुम्हाला माझं शेवटपर्यंत ऐकावं लागेल. मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत की भैयाजी, दोन महिने सावंगीला बसून तुम्ही करता काय. तर ताई, मी जाळी लावतो. सकाळी लावतो, संध्याकाळी काढतो, पुन्हा लावतो. तळेगावचं दुकान पुतण्याच्या हवाली करून आलेल्या किराणा दुकानदाराला सध्या एवढा एकच धंदा आहे.

प्रकरण मुळापासून सांगतो. तुमच्या धाकट्या सुलोचनाच्या रक्ताच्या आजाराला सलाइनमधून जे औषध देतात, त्याने आजाराबरोबर रक्तातल्या चांगल्या पेशीही मरतात. (आमच्या दुकानात उंदरांचं औषध ठेवलं की मांजरच आधी जायचं, तसलाच प्रकार.) डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिच्या अंगात आता झुंजायला काही उरलेलं नाही, साधा मलेरियासुद्धा झेपायचा नाही, तेव्हा डास चावू देऊ नका. बाकी सगळं त्यांच्याकडे, डास तेवढे माझ्याकडे. तळेगावहून एस.टी.ने येणं-जाणं तिला सोसेना, म्हणून दवाखान्यामागे माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खोल्या चांगल्या आहेत. मागे मोकळा प्लॉट आहे, त्यात पावसाचं पाणी साचून गाजरगवत माजलं आहे, आणि तिथल्या डासांना आमच्याशिवाय कोणी नातेवाईक नाहीत.

तुम्ही म्हणाल, दाराला जाळी ठोकून टाकायची, त्यात काय. ठोकायचीच तर अडचण आहे. आमचे घरमालक चंद्रभानजी निवृत्तीचा सगळा पैसा या घराच्या सागवानी चौकटींत घालून बसले आहेत. दर रविवारी वर येऊन चौकटीवरून तळहात फिरवतात. माणूस शब्दानेही कोणाला दुखवत नाही, पण खिळा म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मी सुरुवातीला चर्र आवाज करत उघडणाऱ्या चिकटपट्टीने जाळी लावून पाहिली. उन्हाने डिंक पातळ झाला, जाळी खाली आली आणि पट्टीबरोबर चौकटीचं पॉलिशही आलं. चंद्रभानजींनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी सुलोचनाची तब्येत विचारली आणि डोळे पुसत जिना उतरले. नेमकं कशाचं रडू आलं ते मला विचारवलं नाही.

म्हणून चिंधू सुताराकडून हलक्या लाकडाच्या चौकटी करून घेतल्या. त्यावर हिरवी नायलॉनची जाळी, आणि कडेने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. बिजागरी नाही, कडी नाही, खिळा नाही. दारात उभी करायची, दाबायची, की ती गच्च बसते. काढताना दोन्ही हातांनी उचलायची, की निघते. आता गंमत अशी की या सागवानी चौकटी, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या वरून अरुंद आणि खालून रुंद आहेत. (हे मी चंद्रभानजींना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.) त्यामुळे जाळी एकाच बाजूने बसते. मी ती नेहमी दुसऱ्या बाजूने लावतो, आणि सुलोचना खाटेवरून, डोळे न उघडता, फक्त आवाजावरून सांगते की उलटी आहे. एकदा वाऱ्याने मागची जाळी उडाली ती थेट खाली मालकांच्या अंगणात. मी शोधायला गेलो तेव्हा रुख्माबाईंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मिरच्या वाळेपर्यंत मागायचा धीर झाला नाही. तोवर मागच्या दाराला मी माझं धोतर बांधलं होतं.

गावाकडची मंडळी भेटायला येतात तो निराळाच अध्याय. आपल्याकडे दुखणेकऱ्याला भेटायला एकट्याने जायची रीत नाही, आणि जाळी दिसायला एवढी बारीक की नव्या माणसाला दार उघडं वाटतं. आमच्या शेजारचा तानबा तुम्हाला आठवत असेल, अंगाने थोराड. तो तसाच आत आला. जाळी फाडून डोकं आत, चौकट खांद्यावर. तसाच उभा राहून मला म्हणाला, “भैयाजी, अंदर येऊ का बाहेरच राहू?” सुलोचना त्या दिवशी पोट धरून हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून मी तानबाला जाळीबद्दल काही बोललो नाही. पण येण्यापेक्षा जाणं अवघड असतं. “येतो बरं” म्हणून सगळे उठतात आणि खऱ्या गप्पा उंबऱ्यात सुरू होतात. एक जण सौजन्याने जाळी हातात धरून उभा राहतो, आणि सोयाबीनचा भाव, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, हे सगळं संपेपर्यंत मागच्या प्लॉटातलं अर्धं गोत्र घरात येऊन बसलेलं असतं.

तरीही हे सगळं मी निभावलं असतं. माझी खरी लढाई डासांशी नाही ताई, तुमच्या बहिणीशी आहे. दिवेलागणीला पुढचं दार उघडं हवं आणि मागचं बंद, नाहीतर लक्ष्मी पुढून यायची नाही आणि आली तर मागून निघून जाईल, ही शिकवण तुमच्या माहेरची. आणि डासांचीही घरात शिरायची तीच वेळ. मी पहिल्याच दिवशी समजावलं की दार उघडंच आहे, नुसती जाळी तर लावली आहे. तर म्हणाली, “लक्ष्मी काय पिठासारखी गाळून येईन का?” जन्मभर मीच दिवे लागायच्या वेळी दुकानाच्या फळ्या सताड उघड्या ठेवल्या, गिऱ्हाईक दारात उभं असलं तर त्याला बाजूला सरकवलं. दुकानातली लक्ष्मी खरी आणि आजारी बाईच्या घरातली खोटी, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून तोड काढली. दिवेलागणीला जाळी काढायची, सुलोचनाने उशीला टेकून दिव्याला हात जोडायचे, की लगेच जाळी परत घट्ट बसवायची. व्यवस्था इतकी पक्की झाली की आत आलेला एकही डास बाहेर जाऊ शकेना. मग मी खोलीभर टाळ्या वाजवत त्यांच्यामागे हिंडायचो. रोज त्याच वेळेला टाळ्या ऐकून रुख्माबाईंना वाटलं की वर आरती असते. त्या एक दिवस प्रसादाला वर आल्या. सुलोचनाने मला डोळ्यांनी दटावलं आणि त्यांच्या हातावर साखर ठेवायला लावली. तेव्हापासून त्या रोज येतात, त्यांच्यासाठी जाळी पुन्हा निघते, पुन्हा टाळ्या वाजतात. तुमच्या बहिणीला मात्र हा संध्याकाळचा वेळ फार आवडतो. रुख्माबाई तिच्या पायांना तेल लावून देतात आणि दोघी आपापल्या माहेराबद्दल बोलतात. तुमचं नाव निघतं. चांगलंच निघतं.

गेल्या आठवड्यात तिला थंडी वाजून ताप आला. इतके सोपस्कार करून शेवटी एक डास जिंकलाच, असं वाटलं. रक्त तपासायला दिलं आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिलो. मलेरिया निघाला नाही. म्हणजे जाळीचं काम मी चोख केलं आहे, याची तुम्ही नोंद घ्यावी. बाकी सर्व क्षेम. साडूबुवांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भैयाजी

ता. क. तुम्ही आलातच तर जाळीला समोरून धक्का देऊ नका. खालून दोन्ही हातांनी उचला. तुम्हाला घाई करायची सवय आहे म्हणून लिहिलं.

पुन्हा ता. क. ताई, वर खोटं लिहिलं नाही, पण अर्धं लिहिलं. व्हरांड्यात बसून मी देवाजवळ मलेरियाच मागत होतो. मलेरियाला गोळ्या असतात. जन्मात पहिल्यांदा डासाची बाजू घेतली, आणि तोही कामाला आला नाही. ताप आजाराचाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाचा गुण आता येत नाही, तळेगावला घेऊन जा, मनाला येईल ते खाऊ द्या. डासांचं त्या काहीच बोलल्या नाहीत. मीच विचारलं, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

घरी आलो तेव्हा सुलोचनाने विचारलं, काय म्हणाल्या बाई. मी म्हटलं, मलेरिया नाही म्हणाल्या. मग म्हणाली, “मंग थे जाळी काढून ठेवा आता. मले बाहेरचं दिसू द्या.” मी काढली; वर धक्क्याचं लिहिलं ते नुसतं सवयीने. तिने पुढे काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिला कळलं आहे हे मला कळलं आहे, आणि तरी आम्ही दोघं दिवसभर भाजीला काय करायचं एवढंच बोलतो.

ती माझ्यासमोर रडत नाही, मी खचेन म्हणून. मी तिच्यासमोर रडत नाही. खोल्या दोनच आहेत, आणि ती एकटी असताना मला दुसऱ्या खोलीत जाववत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, जरा लवकर या. मी बोलावलं असं म्हणू नका, सहज आले म्हणा. तुम्ही तिच्यापाशी बसा, म्हणजे मला थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जाता येईल.