चव्वेचाळिसावी पेटी

६ नोव्हेंबर १९६७, दारेसलाम
पोचले एकदाची! सोंगेयाहून तीन दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण समुद्र दिसला आणि सगळं विसरले. बंदराजवळच्या सरकारी वखारीत कारकुनी, खिडकीशी टेबल, टाइपरायटर कोरा करकरीत. एक डिसेंबरला जर्मन झेंडा उतरणार, आमचा चढणार. निघताना आई एवढंच म्हणाली, अपोलोनिया, झेंडे बघ हवे तेवढे, पण आजोबांचं शिर घेऊन ये. एकसष्ट वर्षं ते टेकडीवर शिराविना पुरलेले आहेत.

९ नोव्हेंबर
काम असं. १९०६ साली जर्मनांविरुद्धच्या उठावातल्या आमच्या माणसांना फाशी दिली, शिरं कापली आणि मोजमापं घ्यायला बर्लिनला नेली. ती आता परत येतायत, चव्वेचाळीस पेट्यांत. सगळी मिळाली, अशी पोच आमच्यापैकी कुणीतरी सही करून द्यायची, मगच झेंडा. स्वातंत्र्याच्या करारात तसं कलमच आहे. ती सही माझी.
वखारीच्या मुख्य लुडेकेबाई अभिमानाने सांगत होत्या, युरोपात शंभर वर्षं युद्ध नाही. खरंच आहे. तिथे कुणी हरलंच नाही, मग आम्हाला सोडायची घाई कुणाला? बंदुका गंजू नयेत म्हणून आमच्यावर चालवल्या, एवढंच.

१४ नोव्हेंबर
पहारेकरी शोमारीबाबा दुपारी नमाजाला गेले की वखारीत मी एकटी. आज दाराबाहेर तीन टाळ्या वाजल्या, सावकाश. आमच्याकडे पाहुणा असाच येतो. टाळ्या वाजवतो, मग नाव सांगतो. नाव ऐकल्याशिवाय आत बोलावायचं नसतं. पण गावाकडचं कुणीतरी आलं या आनंदात मी मान वर न करताच "करीबू, या आत" म्हणून बसले. नाव आलं नाही. माणूसही दिसला नाही.
शोमारीबाबा खो खो हसले. म्हणे, "आम्ही किनाऱ्यावरचे लोक दारातून हाक मारतो, लेकी. तुझ्या पाहुण्यांना देवाने तोंड नाही दिलं?"

२० नोव्हेंबर
पेट्या आल्या. उघडल्या. सगळी शिरं प्लास्टरची! खरी म्हणे अभ्यासाला लागतात. चव्वेचाळिसाव्या पेटीवर चिठ्ठी, "गामा, पुरुष, सोंगेया". माझे आजोबा. आत नुसता पेंढा. त्याचं प्लास्टर बोटीत फुटलं, असं बाई म्हणाल्या, चहा ढवळत.
मी सही करणार नाही म्हटलं. स्वातंत्र्य समितीचे चिटणीस कोंबा यांचा फोन आला, "अगं, एका कवटीसाठी देश अडवून धरतेस? तुझ्या आजोबांना तरी आवडलं असतं का?" संताप संताप झाला.

२४ नोव्हेंबर
टाळ्या रोज. आता पुष्कळ हातांच्या. जमिनीवर अनवाणी पावलांची लाल माती. इथली वाळू तर पांढरी. पावलं आत आलेली आहेत. बाहेर गेलेली एकही नाही.

२७ नोव्हेंबर
शोमारीबाबा आले नाहीत. निरोप आला, तू बोलावलंस, तूच जा म्हण.
म्हटलं. ओरडून म्हटलं. पण ऐकायला कान—
आज दिसले. भर दुपारी, पेट्यांपाशी. खांद्यापर्यंतच आहेत, त्यावर काही नाही.

२९ नोव्हेंबर
सही केली. चव्वेचाळीस मिळाली. झेंड्यासाठी केली असं सगळ्यांना सांगीन. खरं म्हणजे घाबरले. वाटलं, कागद पुरा झाला की जातील. आई, मला माफ कर.

३० नोव्हेंबर, दुपार
गेले नाहीत. दारात उभे आहेत, बाहेर पडता येत नाही. मैदानावर उद्याच्या बँडची तालीम—
पेट्यांतून शिरं काढून मानेवर ठेवतात. प्लास्टर आहे— चुरा होतो— पुन्हा चाचपतात—
एकजण शेवटच्या पेटीपाशी. पेंढा उपसतोय. तळापर्यंत.
आजोबा, मी. तुमच्या मुलीची मुलगी. ऐकू येत नाही त्यांना.
वळले.
हात माझ्या केसांत. कानांवरून हनुवटीपर्यंत— हळूच— मोजल्यासारखे— आजोबा, हे तुमचं नाही— सगळी मिळाली असं मीच लिहून—