गोल भाकरीची भानगड

प्रिय शांता,

तू गेल्यापासून तुला लिहावं असं कितीदा आलं मनात, पण हात धजला न्हाई. काल मात्र तुझी चोरी पकडली मी! आता गप्प कसा बसू?

गुड्डी माहेरी आली आहे. काल सकाळी ती भाकऱ्या करत होती, मी शेजारी चहा घेत बसलेलो. तिनं गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमधे ठेवला, वर ताटली ठेवली आणि मनगटानं दाबली. भाकरी अशी गोल की बघत राहावं!

"हे कुठं शिकलीस गं?"

"आईनंच शिकवलं. तुम्हाला सांगू नको म्हणल्ती."

अगं शांते! एवढी वर्षं डोक्यात असलेलं कोडं असं सुटावं?

आठवतं, तुझ्या संधिवातासाठी जालन्याच्या डॉक्टरीणबाई काय सांगायच्या? सकाळी बोटं किती वेळ आखडतात, सूज कुठं येते, कोणतं काम जमत न्हाई, हे घरी रोज बघत जा. बोटं सुजली की फोटो काढा. कारण तपासणीच्या दिवशी तुझी सूज कुठं पळायची कोण जाणे! आणि तू चांगली साडी नेसून खुशाल सांगायचीस, "बरं हाय, बाई."

मंग मी तुझ्या भाकरीवर नजर ठेवली. दुखणं वाढलं की भाकरी एका कडेला जाड यायची. मी ते दवाखान्यात बोलून टाकलं. बाईंनी तुझं एकेक बोट दाबून पाहिलं, औषध वाढवलं. आणि तू? आपल्या तीर्थपुरीला बसमधून उतरताना म्हणालीस, "चार लोकांत माझ्या भाकरीचा पंचनामा करून राह्यले तुम्ही! सोयरे बसले होते तिथं."

त्यानंतर भाकरी एकदम बराबर यायला लागली. मी खुश! पुढच्या खेपेला छाती फुगवून सांगितलं, "औषध लागू पडलं बाई, भाकरी एक नंबर." बाईंनी औषध तेवढंच ठेवलं. तुझी बोटं मात्र वाकडी होत गेली, आणि कशी ते मला कळेना.

थापण्याचा आवाजच बंद झाला होता की गं! लोकांच्या विहिरीवरच्या मोटारींचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा मी, आणि घरात भाकरीचा आकार बघत बसलो.

एवढं का लपवलंस? माझा राग आल्ता, का कुणी चुलीपुढून उठवील म्हणून भ्यालीस? खरंच सांग. मला अजून वाईट वाटतं, आणि हसूही येतं.

पण खरी भानगड पुढंच आहे. मी गुड्डीला विचारलं, "तू का दाबतेस? तुला काय धाड भरली?"

"जल्दी होतं, पप्पा."

तुझंच लेकरू! मी म्हटलं, हात दाखव. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, गरम. मंग हळूहळू बोलली. शाळेत पहिला तास संपेस्तोवर खडू धरवत न्हाई, नंतर मोकळे होतात हात. "काही न्हाई हो, बरं हाय."

तुझंच दुखणं असेल, दुसरंही काही असेल, मला काय कळतं त्यातलं? तुझं पहिल्यांदा कोणतं बोट दुखलं होतं? सुरुवात अशीच होती का गं? मी तेव्हा विचारलंच न्हाई, आणि आता सांगणारं कुणी न्हाई.

आज सकाळी तिच्याच मोबाइलवर हातांचे फोटो काढून ठेवलेत. सोमवारी जालन्याला जातोय. मी तोंड उघडणार न्हाई, तीच बोलणार. फक्त "बरं हाय" म्हणाली, तर फोटो पुढं करीन. तिची बोटं वाकडी होऊ द्यायची न्हाईत मला.

तुला वचन देतो शांता, भाकरी आता कितीही गोल येऊ दे, मी आधी हात बघणार.

तुझेच,
गुड्डीचे पप्पा