सातशे वर्षांपूर्वीची फारसी

तीर्थरूप बाबा,
क्योतोहून तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

फोनवर आई शेजारी असते, म्हणून लिहितेय. माझी तब्येत चांगली आहे, जेवणही वेळेवर होतं.

मालकांच्या वादात आपल्या शर्वचं जहाज ज्या बंदरात अडकलंय, तिथल्या कचेरीत मी काल फोन लावला. तिथे फारसी बोलतात आणि मी इथे मंगोल राजवटीतल्या चिनी नि फारसी बखरी वाचते, म्हणून हिंमत केली. पण माझी फारसी सातशे वर्षांपूर्वीची! कारकुनाला आधी हसूच आलं. मग तो सावकाश बोलू लागला, तरी मला निम्मंही कळेना. खानाच्या दरबारात अर्ज कसा करावा ते मला येतं, "माझ्या भावाला कधी सोडणार?" हे धड विचारता येईना.

शेवटी त्यानेच विचारलं, "बाई, तुम्ही त्याच्या कोण?"

"बहीण," मी म्हणाले. तो शब्द तेव्हाही तोच होता.

शर्वचं नाव त्याने दोनदा विचारून लिहून घेतलं आणि फोन ठेवला. एवढंच झालं, बाबा.

आई गोळ्या घेते ना? तिला सांगा, मी तिथल्या माणसाशी बोलले, माणूस चांगला आहे.

तुमची,
अनघा