येणारीची मर्जी

प्रिय रूपे,

पडेगावात थंडी पडलीय. येसराच्या आमटीचा वास सुटलाय आणि आपल्या आश्रमातल्या म्हाताऱ्या हाक मारायच्या आधीच ताटं घेऊन बसल्यात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वच्छे, यांना भूक नाय, यांना नुसती घाई."

नवं म्हणजे मी या वयात कॉम्प्युटर शिकले. हसू नको. आपल्यासारखे आश्रम चालवणाऱ्यांसाठी सरकारनं वेबसाइट काढलीय. कुठं खाट रिकामी आहे ते तिच्यावर दिसतं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं त्याचे व्हिडिओ आहेत, अडलं तर विचारायची सोय आहे. कामाला लागलेली नवी पोरगी, ज्ञानेश्वरी, माझं एक बोट बघून म्हणते, "आजी, बटणं दाबताय का तांदूळ निवडताय?"

मला मात्र आपली एसटी आठवते. आपल्याकडं जागा नव्हती म्हणून पैठणच्या त्या आजीला घेऊन किती हिंडलो. कुठं खाट नाही, कुठं साहेब नाहीत. कचेरीतला शिपाई कडुबा म्हणाला, "बाई, म्हातारीच्या आधी तुमच्या चपला जातील." तू तिथंच पायरीवर बसलीस, डबा सोडलास आणि त्यालाच भाकरी दिलीस. खाऊन झाल्यावर तो गुमान साहेबांना घरून बोलावून घेऊन आला. तरी जागा मिळाली नाहीच. आजी आपल्याकडं तुझ्या खाटेवर झोपली आणि तू खाली चटई अंथरलीस.

तुझ्या सोमनाथनं तुला नाशिकला नेल्यापासून ती खाट मी कुणाला दिली नाही. चादर बदलते, उन्हात गादी घालते. कुणी विचारलं तर सांगते, माणूस गावाला गेलंय. ज्ञानेश्वरीला हे काय ठाऊक? तिनं खाट रिकामी धरली आणि साइटवर तशी टाकून दिली. मी लई बोलले तिला. रडवेली होऊन ती म्हणाली, "मग कोण झोपतं तिथं, ते तरी सांगा."

साइटवरचं ते दुरुस्त करायच्या आतच नाशिकहून फोन आला. एक माणूस आईसाठी जागा शोधत होता. आई विसरते, गॅस चालू ठेवून बाहेर पडते, परवा स्वतःच्याच गल्लीत तिला घर सापडलं नाही, दिवसभर घरात कुणी नसतं, असं सगळं सांगत होता. मी म्हटलं, "सोमनाथ का रे?" तो म्हणाला, "आश्रमाचं नाव वाचलं होतं मावशी. वाटलं, फोन दुसरं कुणी उचलेल."

त्याच्यावर रागावू नको. पोराला दुसरी वाट दिसेना. आणि मलाही अगदीच नवल वाटलं नाही. दिवाळीत फोनवर तू मला तुझी थोरली बहीण समजून आक्का म्हणालीस, आंब्याच्या झाडाला झोका बांधला का विचारलंस. मीही आक्का होऊन बोलले. बांधलाय म्हटलं, ये लवकर. किती खुश झालीस.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सोमनाथ म्हणतो, आईला काही सांगू नका, चार दिवस पाहुणी म्हणून आणून सोडतो. मी नाही म्हटलं. देवदर्शनाला म्हणून आणलेल्या बाया फाटकाकडं तोंड करून कशा बसून राहायच्या, ते आपण दोघींनी बघितलंय. आता त्या साइटवरही आम्हाला सांगितलंय, येणाऱ्याला खरं सांगा, त्याची मर्जी विचारा. फोनवरचं तुझ्याजवळ टिकत नाही, कागद तरी हाताशी राहील. विसरलीस तर परत वाच, आत्ताच विचारलं असं समज. रूपे, माझ्याकडं राहायला येतेस का? हो म्हण, नको म्हण, मी रुसणार नाही. पण सोमनाथला तुझ्या तोंडानं सांग, आणि तू सांगितल्याबिगर तुला कुणी कुठं नेणार नाही, एवढं त्याच्याकडून मी कबूल करून घेतलंय.

तुझीच,
वच्छी